चाकवत, अंबाडी आणि २८ रुपयांचा टोमॅटो: आमच्या सोसायटीत पुरंदरची भाजी कशी टिकली

सप्टेंबर २०२३ मधला रविवार. गेटबाहेर हातगाडीवर टोमॅटो १५ रुपये किलो आणि गेटच्या आत पार्किंगमध्ये आमची ४३ घरं पिशव्या घेऊन उभी, तसाच टोमॅटो २८ रुपयांनी घेत होती. नुकताच राहायला आलेला एक भाडेकरू मुलगा मला म्हणाला, काकू हे ऑरगॅनिक आहे का? म्हटलं नाही रे, साधाच आहे, माझ्या मामेभावाच्या शेतातला, रोग आला की औषध मारावं लागतं त्याला पण. मग तुम्ही जास्त पैसे का देताय, बाहेर तर १५ ला आहे. तिथं उभ्या उभ्या मला काही नीट सांगता आलं नाही कारण त्याचं उत्तर दोन वाक्यांत बसत नाही, त्याच्या मागे जवळजवळ एक वर्ष आहे, त्यात एक पूर्ण फसलेला प्रयत्न आहे आणि एक अर्धा फसलेला. नंतर दोन-तीन सोसायट्यांमधून पण विचारणा झाली की तुम्ही हे कसं चालवता, आमच्याकडे महिन्याभरात बंद पडलं. म्हणून सगळं सविस्तर लिहून काढतेय, चुका पण.

आधी आमच्याबद्दल. सिंहगड रोडवरची सोसायटी, तीन विंग, १४० फ्लॅट. माझं माहेर पुरंदर तालुक्यातलं, म्हणजे दिवे घाट चढून गेलं की आमचाच भाग, तासा-दीड तासाचा रस्ता. तिथं अंजीर, सीताफळ, पेरू, वाटाणा, पावटा, कांदा, पालेभाज्या सगळं होतं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. आणि एवढं जवळ असून आमच्या सोसायटीत लोक बारा महिने काय खात होते तर कोबी, फ्लॉवर, भेंडी, सिमला मिरची, बटाटा, टोमॅटो. फळ म्हणजे केळी आणि सफरचंद, कुणाला डेंग्यू झाला की किवी. ताजं अंजीर कसं दिसतं हे माहीत नसलेली मुलं आमच्याकडे होती, त्यांना अंजीर म्हणजे दोरीत ओवलेलं सुकं तेवढंच माहीत, आणि ते बहुतेक अफगाणिस्तानातून येतं.

माझ्या डोक्यात हे शिरलं ऑक्टोबर २०२२ मध्ये. माहेरी गेले होते तेव्हा मामेभावाची सीताफळाची पट्टी बघितली. पट्टी म्हणजे माल विकल्यावर गाळ्यावरून शेतकऱ्याला मिळणारा हिशेबाचा कागद. हमाली, तोलाई, गाडीभाडं जाऊन त्याच्या हातात किलोला ३२ रुपये पडले होते आणि त्याच आठवड्यात मी पुण्यात सीताफळं घेतली होती १२० रुपये किलोने. फळं-भाजीची आडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून न कापता खरेदीदाराकडून घ्यायची हा नियम २०१६ मध्ये झाला, त्याच वर्षी फळं-भाजी बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला पण मोकळीक मिळाली, पण बाकीचे खर्च आहेतच ना. इथं एक सांगते, या फरकावरून मधला प्रत्येक माणूस लुटारू आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. सीताफळ पिकलं की दीड दिवसात हातचं जातं, दहा किलो घेऊन बसलेल्या बाईची दोन-तीन किलो सहज फुकट जातात, तो तोटा भावात धरावाच लागतो. नासाडी होते ती मधल्या वेळामुळे आणि हाताळणीमुळे. म्हणजे जिथं माल पिकतो आणि जिथं खाल्ला जातो ते अंतर कमी केलं, किती लागणार ते आधी सांगितलं, तर तो वाया जाणारा पैसा दोघांत वाटून घेता येईल, एवढंच माझं साधं गणित होतं.

फसलेला प्रयत्न

मी माहेरचा विषय कमिटीसमोर काढला तर सगळे म्हणाले कशाला स्वतः उपद्व्याप, शेतकरी ते ग्राहक वाल्या गाड्या येतात की सोसायट्यांमध्ये, त्यातली एक बोलवू. सरकारने पण २०१६ मध्ये सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडी बाजार अभियान सुरू केलेलं, पुण्यात असे बाजार भरतात आणि त्यातले बरेच चांगले आहेत. पण आमच्याकडे आली ती गाडी तशी नव्हती. नोव्हेंबरमधले तीन रविवार ती आली. तिसऱ्या रविवारी मामेभाऊ काही कामाने आमच्याकडे होता, तो खाली उतरला आणि दोन मिनिटांत परत माझ्याकडे आला, म्हणाला ताई, या गाडीत सफरचंद आहेत, किवी आहे, पुण्याच्या कुठल्या शेतकऱ्याच्या रानात किवी लागतेय? मग आम्ही गाडीवाल्याला नीटच विचारलं की यातली कुठली भाजी कुणाच्या शेतातली. त्याला एकाही भाजीचं गाव सांगता येईना. सगळा माल पहाटे मार्केट यार्डातून, म्हणजे पुण्याच्या घाऊक बाजारातून उचललेला.

मार्केट यार्डातली भाजी वाईट असते असं नाही, अख्खं पुणं तीच खातं. पण शेतकऱ्याचं नाव लावून ती विकली याचा राग होता आणि त्याहून मोठं नुकसान म्हणजे लोकांचा विश्वास गेला. पुढचे सहा महिने मी काहीही सांगायला गेले की समोरून यायचं, सगळे असेच असतात हो. कुणी सोसायटीत असं काही सुरू करत असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे की पहिल्या दिवशीच प्रत्येक भाजीसमोर गावाचं नाव लिहा आणि जी तुमच्या भागात होतच नाही ती गाडीत येऊच देऊ नका, मग यादी लहान झाली तरी चालेल.

भोगीने केलेली दिशाभूल

मग डिसेंबरमध्ये मी मामेभावाला गळ घातली. त्याने आजूबाजूची सहा घरं तयार केली, म्हणजे एकूण सात शेतकरी. एकाच्या शेतात दोन-तीनच पिकं असतात, एकट्याने कुणाच्या घरची आठवड्याची भाजी भरत नाही, म्हणून सात. पहिली गाडी आली १३ जानेवारी २०२३ ला, भोगीच्या आदल्या संध्याकाळी. पावटा, सोलाणा म्हणजे ओला हरभरा, वाटाणा, वांगी, गाजर, बोरं, चाकवत, करडई, मुळा, पेरू. ३४ ऑर्डर आल्या! मी इतकी खूश झाले की रात्री मामेभावाला फोन करून म्हटलं पुढच्या आठवड्याला ५० धर.

पुढच्या शनिवारी २७ आल्या. मग १६. मग ११.

तेव्हा कळलं नाही, आता सरळ दिसतं, ती ३४ घरं आमच्यासाठी आलीच नव्हती, ती भोगीसाठी आली होती. भोगीच्या भाजीला वर्षातून एकदा प्रत्येक घर स्थानिक, हंगामी माल शोधत जातंच, वांगं गाजर पावटा हरभरा बोर तीळ, सोबत बाजरीची भाकरी. आपल्या वाडवडलांनी त्या त्या ऋतूत जे रानात आहे ते ताटात यावं अशी सोय सणात घालून ठेवलीये. पण भोगी संपली की परत फ्लॉवर-बटाटा. हेच एप्रिल २०२० मध्ये पण झालं होतं, लॉकडाऊनमध्ये मार्केट यार्ड बंद, शेतकऱ्यांचे टेम्पो थेट सोसायट्यांमध्ये, लोकांनी जे आलं ते निवड न करता आनंदाने घेतलं आणि दुकानं सुरळीत उघडल्यावर महिन्याभरात सगळे विसरले. अडचणीपोटी केलेली खरेदी सवय होत नाही.

आणि ११ ऑर्डरवर गाडी चालूच शकत नाही. टेम्पोचं भाडं फेरीला १६०० रुपये. ११ घरांवर वाटलं तर घरटी १४५ रुपये नुसतं भाडं, ४८ घरं झाली तर ३३. इतकं सरळ आहे ते. आम्ही दोन आठवडे गाडी थांबवली.

तेवीस घरं

या दोन आठवड्यांत मी एकच काम केलं, जी २३ घरं घ्यायची थांबली होती त्या प्रत्येकाच्या दारात गेले, ऑफिसवरून आल्यावर रोज तीन-चार घरं. माझी पक्की समजूत होती की भाव हेच कारण असणार. २३ पैकी दोन घरांनी भावाचं नाव काढलं. बाकीच्यांनी जे सांगितलं ते लिहून ठेवलेलं अजून माझ्या वहीत आहे. शनिवारी संध्याकाळी आम्ही घरीच नसतो हो. पावटा सोलायला बसणार कोण. पालेभाजीला माती फार, मुळं तशीच असतात. करडईची भाजी करतात कशी, माझ्या सासूबाई करायच्या पण मी कधी केली नाही. आणि एका घरात तर चाकवतच्या दोन जुड्या फ्रिजमध्ये तशाच काळ्या पडलेल्या, ती मुलगी कानपूरची, म्हणाली आंटी, मला कळलंच नाही हे काय आहे, टाकून द्यायला पण वाईट वाटत होतं. मी तिला फोनवर फोटो शोधून दाखवला आणि हिंदीत काय म्हणतात ते वाचलं, तर ती ओरडलीच, ये तो बथुआ है!

चाकवत म्हणजे बथुआ. तिच्या गावी हिवाळाभर बथुआचे पराठे, बथुआचं रायतं. पुण्यात आल्यापासून चार वर्षं ती बथुआ शोधत होती आणि आम्ही तिला तोच दिला होता, नुसतं नाव वेगळं.

मला त्या दिवशी जे समजलं ते आधी कुठल्याच पोस्टरने किंवा आरोग्याच्या भाषणाने समजलं नव्हतं. आम्ही लिफ्टमध्ये लावलं होतं ना, स्थानिक खा, ताजं खा, शेतकऱ्याला साथ द्या. त्याने एक ऑर्डर वाढली नाही. भाजी घेण्याआधी माणसाला ती ओळखू यावी लागते, तिचं पुढे काय करायचं ते हाताला माहीत असावं लागतं. आमच्या सोसायटीत निम्मी घरं बाहेरून आलेली आहेत, यूपी, तेलंगणा, तामिळनाडू, विदर्भ, आणि आम्ही यादी लिहीत होतो पुण्याच्या मंडईच्या भाषेत.

मग यादी बदलली. प्रत्येक भाजीपुढे तिची बाकीची नावं. चाकवत, बथुआ. शेपू, सोआ. अंबाडी, गोंगुरा. घोळ, कुल्फा. शेवग्याच्या पाल्याला तमिळ घरांनी स्वतःच मुरुंगै कीरै लिहून दिलं. विदर्भातला एक मुलगा पुढच्या हिवाळ्यात पावट्याच्या शेंगा बघून म्हणाला या तर पोपटाच्या शेंगा, आणि त्याने एकट्याने दोन किलो नेल्या, आईला फोन लावून रेसिपी विचारत शिजवल्या. अंबाडीचं तर असं झालं की जुलैमध्ये पहिल्यांदा गाडीत १५ जुड्या आल्या आणि त्या सगळ्या तीन तेलुगू घरांत गेल्या, मराठी घरांना मिळाल्याच नाहीत. आमची अंबाडी आमच्या आधी गोंगुरा म्हणून संपली, मला तर फार आवडलं हे.

दुसरं काम बी विंगमधल्या आजींनी केलं. वय ७४. त्यांनी स्वतःहून सांगितलं, मला दर रविवारी एक पालेभाजी जास्तीची द्या, मी करून खाली आणते. पहिल्या रविवारी चाकवताची ताकातली पातळ भाजी, हरभरा डाळ आणि शेंगदाणे घालून, वर लसणाची फोडणी. पार्किंगमध्ये छोट्या वाट्यांतून वाटली. त्या दिवशी जेवढा चाकवत होता तेवढा पंधरा मिनिटांत संपला. करताना त्या व्हॉट्सॲपवर आवाजात सांगून ठेवायच्या, निवडताना देठ किती ठेवायचं, करडई असेल तर ज्वारीचं पीठ कधी पेरायचं. लिहिलेल्या रेसिपीपेक्षा आजींचा आवाज ऐकून केलेली घरं जास्त होती.

तिसरं, वेळ. शनिवार संध्याकाळ रद्द, रविवारी सकाळी साडेआठ. लोक मंडईत जायच्या आधी. शेतकऱ्यांना पहाटे अंधारात पालेभाजी काढावी लागते, त्यांच्या घरातल्या बायकांवर हा ताण आला हे मान्य करते, त्यामुळे जुडी बांधण्याची वेगळी मजुरी भावात धरली. मुळं कापून, माती झटकून जुडी बांधायची. पाणी मारून चकचकीत करायची नाही कारण मग ती फ्रिजमध्ये सडते. पहाटे काढलेली भाजी नऊ वाजता घरात आली की तिचा वासच वेगळा येतो, आणि पालकासारख्या भाजीतलं क जीवनसत्त्व काढल्यापासून पटापट कमी होत जातं, त्यामुळे ताजेपणा हा नुसता चवीचा मुद्दा नाही.

चौथं, ऑर्डर शुक्रवारी रात्री आठला बंद आणि चार आठवड्यांचे पैसे आधी. यावर सगळ्यात जास्त वाद झाला. पण शेतकऱ्याने अंदाजाने भाजी काढायची आणि उरली की त्याने तोटा सोसायचा हे मला पटत नव्हतं. अर्धी पिशवी ठरलेली, म्हणजे टोमॅटो, काकडी, कोथिंबीर, दोन पालेभाज्या, आणि अर्धी आपल्या निवडीची. बटाट्यावरून खूप चर्चा झाली कारण तो आमच्या सातही जणांकडे होत नव्हता. शेवटी बटाटा सोडून दिला, ज्याने त्याने बाहेरून आणावा.

मार्चमध्ये परत सुरुवात झाली १९ घरांवर. जूनमध्ये ४८ झाली.

मावशींची बोहनी

एक गोष्ट मी आधी विचारात घेतलीच नव्हती. आमच्या गेटबाहेर एक मावशी चौदा वर्षं भाजीची गाडी लावतात, मूळच्या भोरकडच्या. मे महिन्यात एकदा मी जात होते तर त्यांनी थांबवलं, अगदी शांतपणे म्हणाल्या, ताई, रविवारी माझी बोहनी होईना आता. मला तिथं खूप लागलं ते. शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळावेत म्हणून सगळा आटापिटा आणि त्यात जिने इतकी वर्षं उन्हापावसात आम्हाला भाजी दिली, कुणी आजारी असलं तर वर नेऊन दिली, तिचाच दिवस बुडवला.

ते सोडवल्याशिवाय पुढे जाणं चुकीचं होतं. मामेभावाशी बोलले. ठरलं असं की गाडीत आमच्या ऑर्डरच्या वर थोडा माल जास्त आणायचा आणि तो मावशींना शेतावरच्या भावात द्यायचा, भाड्यात त्यांचा वाटा नाही. रविवार ते बुधवार त्या तोच माल विकतात. त्यांना पहाटे मार्केट यार्डला जायची एक फेरी वाचते, रिक्षाचे पैसे वाचतात. आणि आम्हाला काय मिळालं तर आख्ख्या सोसायटीतली सगळ्यात चांगली जाणकार मिळाली. आपण दहा मेसेज टाकतो त्याच्यापेक्षा मावशींचं एक वाक्य जास्त काम करतं, अगं घेऊन जा, कवळा दोडका आहे, साल फेकू नको, सालीची चटणी कर. जी घरं ॲडव्हान्स भरायला तयार नव्हती ती आता मावशींकडून तीच भाजी घेतात, आमच्या आकड्यांत ती घरं धरलेलीच नाहीत.

जुलै आणि सप्टेंबर

आता टोमॅटो. भाव आम्ही हंगामासाठी ठरवतो. मामेभावाच्या आधीच्या दोन वर्षांच्या पट्ट्या समोर ठेवल्या, चढ-उतार सगळे धरून सरासरी काढली, मजुरी आणि भाडं घातलं, टोमॅटो २८ रुपये किलो ठरला. तेव्हा बाहेर २० ला होता आणि लोकांनी तसं बोलून पण दाखवलं.

आणि जुलै २०२३ उजाडला. सगळ्यांना आठवत असेल, टोमॅटो शंभरच्या वर, पुढे सव्वाशे-दीडशे. नारायणगावच्या बाजारात क्रेटचे भाव ऐकून शेतकऱ्यांना स्वतःच्या कानावर विश्वास बसेना. आमच्या गटातल्या दोघांनी सरळ सांगितलं की आम्ही या महिन्यात सोसायटीला टोमॅटो देत नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही, मे महिन्यात हाच टोमॅटो रस्त्याकडेला फेकावा लागला होता, तेव्हा कुणी विचारायला गेलं नव्हतं. मामेभावाचा रात्री अकराला फोन आला. म्हणाला, ताई, शब्द दिलाय म्हणून २८ ने देतो, पण मला झोप येईना झालीये, बायको पण बोलतेय.

मी दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्याचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं. काही लपवलं नाही. सुचवलं एवढंच की घरटी एकच किलो घ्यायचा, बाकी सगळा माल त्याला बाजारात नेऊ द्यायचा. कुणी म्हणालं आम्हाला पाच किलो द्या बहिणीकडे पण पाठवायचाय, ते नाही म्हणून सांगितलं. त्या आठवड्यात अचानक नऊ नवीन घरांना सभासद व्हायचं होतं, त्यांना ऑगस्टमध्ये या म्हटलं. आणि आजींनी खाली लिहिलं, भाव ठरलेला आहे हे खरं, पण त्याला रात्री झोप लागत नसेल तर ती भाजी आपल्याला गोड कशी लागेल, मी ५० देणार. त्यानंतर एकेक करत ४८ पैकी ३१ घरांनी ५० रुपये दिले. बाकीच्यांनी २८ दिले आणि त्यांना कुणी एका शब्दाने काही बोललं नाही, ते पण बरोबरच होतं, करार तोच होता.

ऑगस्ट वाईट गेला. देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो, आमच्या भागात तर पाऊस आधीच बेताचा. विहिरी खाली गेल्या. दोन रविवार गाडी आलीच नाही, एका रविवारी नुसता दोडका, कारली, गवार आणि थोडा टोमॅटो. ज्यांचे पैसे भरलेले होते त्यांचे आठवडे पुढे ढकलले. मी रोज पावसाचं काय म्हणून फोन करत होते, आणि पुण्यात राहून इतकी वर्षं तिकडच्या पावसाची वाट मी एकटीच बघायचे, त्या महिन्यात सोसायटीतल्या ग्रुपवर अनोळखी माणसं विचारत होती की पुरंदरला पडला का?

मग सप्टेंबर. सगळ्यांनी जुलैचा भाव बघून लागवड केलेली, एकदम माल आला आणि टोमॅटो कोसळला, शेतकऱ्याला बाजारात किलोला चार-पाच रुपये मिळेनात. मामेभावाचा दुसऱ्या टप्प्यातला प्लॉट तेव्हाच सुरू झाला होता. आणि आम्ही २८ ने घेतला. पाच घरं सोडून गेली, ४३ राहिली. त्या भाडेकरू मुलाला मी त्या दिवशी जे सांगू शकले नाही ते हे होतं, की आम्ही सप्टेंबरमध्ये १५ ऐवजी २८ देत नव्हतो, जुलैमध्ये सव्वाशेऐवजी २८ आणि ५० दिल्याचा तो दुसरा अर्धा भाग होता. त्या हंगामात आमच्या घरटी खर्चाची वही मी मांडून बघितली तर बाहेरून घेणाऱ्यापेक्षा आमचा टोमॅटो काही महाग पडला नव्हता. नंतर तो मुलगा पण सभासद झाला.

फळं

फळांचं वेगळंच शिकायला मिळालं. सीताफळं पहिल्या वर्षी निम्म्या घरांनी परत आणली. काहींची दगडासारखी, काहींची काळी. दगडासारखी कारण फळावरचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या फटी रुंद झाल्या की ती काढतात आणि घरी दोन-चार दिवसांत पिकतात, हे लोकांना माहीत नव्हतं. काळी कारण कच्चीच फ्रिजमध्ये ठेवली होती. आता प्रत्येक पिशवीत चिठ्ठी असते, कागदात गुंडाळून बाहेर ठेवा, रोज बोटाने हलकं दाबून बघा, मऊ लागलं की त्याच दिवशी खा. एवढ्या चिठ्ठीने परत येणं जवळजवळ थांबलं. मामेभावाला सीताफळाचे आता भाडं जाऊन ५८ रुपये पडतात आणि आम्हाला ७० ला मिळतात.

अंजिराचं उलट आहे, ते झाडावरून काढल्यावर नीट पिकत नाही, पिकलेलंच काढावं लागतं आणि मग त्याला एक-दोन दिवसांचंच आयुष्य. म्हणजे हे फळ मुळातच जवळच्या माणसासाठी आहे. त्याच्याच पानांत ठेवून येतं, खाली पार्किंगमध्येच निम्मं संपतं.

आणि पेरू. मुलांच्या डब्यात सफरचंदाच्या फोडी देणाऱ्या आयांना मी एवढंच सांगते की १०० ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि सफरचंदात १० च्या पण खाली. पण खरं सांगायचं तर मुलांना हे ऐकून पेरू आवडला नाही, रविवारी खाली खेळताना क्रेटमधला पेरू कापून तिखट-मीठ लावून हातात दिला तेव्हा आवडला. दोघा-तिघांच्या आया म्हणाल्या की घरी हात लावत नाहीत, इथं बघा कसा खातायत.

२०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या नव्या मार्गदर्शक सूचना आल्या, माणशी रोज ४०० ग्रॅम भाज्या, बटाटा सोडून, आणि १०० ग्रॅम फळं. मी घरात काटा ठेवून मोजलं. आम्ही चौघं, म्हणजे आठवड्याला १४ किलो हवं. त्या आठवड्यात आमच्या घरात आलेलं सगळं मिळून साडेनऊ किलो भरलं, आणि हे सगळं चालवणाऱ्या बाईचं घर. गाडी सुरू व्हायच्या आधी सहा-साडेसहा असेल. अजून बरंच अंतर आहे.

आज १४० पैकी ६६ घरं नियमित आहेत. म्हणजे निम्म्याहून कमी, आणि त्यात दर उन्हाळ्यात सुट्ट्यांमध्ये वीसेक घरं गळतात, तेव्हा गाडी परवडवायला कसरत होते. याच रोडवरची अजून एक सोसायटी जोडली गेली त्यामुळे भाडं वाटलं गेलं, नाहीतर मागचा मे महिना अवघड होता. पैसे गोळा करणं, ऑर्डरची यादी करणं हे काम अजून तीन-चारच बायका करतोय, ते वाटून घ्यायला कुणी पुढे येत नाही याची मला काळजी आहे.

शेताकडे मात्र एक गोष्ट झाली जी मी धरलीच नव्हती. मामेभावाने गेल्या हिवाळ्यात दोन गुंठे चाकवत मुद्दाम पेरला, आतापर्यंत तो आपोआप उगवेल तेवढाच काढायचा. आणि यंदा बांधाला अंबाडी टाकलीये. परवा फोनवर विचारत होता, ताई, ते गोंगुरावाले पाला किती मोठा झाल्यावर तोडलेला घेतात, आपल्यासारखा कवळा की जून? मला काय माहीत, मी त्याला सी विंगमधल्या वहिनींचा नंबर देऊन टाकला.